गोष्टीमामांच्या गोष्टींना मनाई

१

गोष्टीमामांचा आवाज जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या सोमवारी सकाळी तो वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलेल्या मोबाइलमधून आला, आणि समोरच्या खुर्चीत बसलेले गोष्टीमामा तो तोंड मिटून ऐकत राहिले.

“शिंप्याच्या खोक्यात एक एकटं बटण होतं,” आवाज सांगत होता. “सगळे म्हणायचे, बिचारं हरवलंय. बटण म्हणायचं, मी काही हरवलेलं नाही. मला कुणी शोधलंच नाही.”

मामांच्या मुलीनं मोबाइल बंद केला. “शुक्रवारी एक ऑडिओ कंपनी या सगळ्या गोष्टी बाजारात आणणार आहे. ही नुसती जाहिरात आहे. बाबांना कुणी विचारलंसुद्धा नाही.”

वकीलबाई लहानपणी याच आवाजावर जेवलेल्या होत्या. रेडिओवर मामा सुरू झाले की घास आपोआप आत जायचा. पुढे मामांच्या घशात गाठ निघाली, आणि गाठीबरोबर आवाजही काढावा लागला. आता त्यांच्या गळ्याला रुमाल असे आणि मांडीवर पाटी. बोलायचं ते पाटीवर.

मामांनी लिहिलं : “ऑपरेशनच्या आधी घरी टेप केल्या. शेवटच्या गोष्टी. कुणाला दिल्या नाहीत.”

“आधी कुठे सांगितलेल्या? रेडिओवर, एखाद्या शाळेत?”

“नाही.”

“कुठे लिहून ठेवल्या होत्या?”

“नाही. डोक्यातून थेट टेपवर. माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत जगात कुणी ऐकल्या नव्हत्या.”

हे शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचा हात जरा रुबाबात चालला. वकीलबाईंनी ते जसंच्या तसं प्रतिज्ञापत्रात घ्यायला सांगितलं. गोष्टी मामांच्याच, हे कोर्टाला एका वाक्यात कळायला हवं होतं.

“टेप कुठे असतात?”

मामांनी शर्टाच्या आत हात घालून गळ्यातली किल्ली बाहेर काढली.

“लोखंडी कपाटात,” मुलगी म्हणाली. “किल्ली ही एकच. अंघोळीलासुद्धा गळ्यातच असते. काल जाहिरात ऐकल्यावर आम्ही कपाट उघडून बघितलं.”

“किती टेप गेल्या?”

“एकही नाही. कुलूप धड आहे, टेप जागच्या जागी आहेत. त्यांवरचा चिकटपट्टीचा कागदसुद्धा बाबांनी लावला तसाच आहे.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. चोरी झाली होती आणि चोरीला काहीच गेलं नव्हतं.

२

मूळ दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात. तोवर गोष्टी घरोघरी पोचलेल्या असतात, आणि पोचलेली गोष्ट कुणाच्या कानातून परत काढता येत नाही. म्हणून आधी तात्पुरती मनाई मागायची : निकाल लागेपर्यंत विकू नका, वाजवू नका. वकीलबाई हेच काम इतकी वर्षं करत होत्या, की कोर्टात त्यांना पाठीमागे ‘मनाईबाई’ म्हणत.

न्यायाधीशांनी अर्ज चाळला. “मनाई हवी तर मला तीन गोष्टी दिसायला हव्यात. सकृद्दर्शनी हक्क अर्जदाराचा आहे. मनाई नाही दिली तर पैशानं भरून न निघणारं नुकसान होईल. आणि थांबवल्यानं समोरच्याचं जे नुकसान होईल, ते त्याहून कमी आहे. पहिलीपासून सुरू करा. हे कंपनीकडे गेलं कसं?”

“चोरून, साहेब.”

“कपाट बंद, टेप जागेवर. चोरी कशी झाली?”

वकीलबाई कागद चाळू लागल्या. कंपनीचे वकील उठले. गोल चेहऱ्याचे, नेहमी हसतमुख गृहस्थ. आज हसत नव्हते.

“आमच्या अशिलाला हे ध्वनिमुद्रण अर्जदाराच्या घरातल्याच व्यक्तीनं दिलंय. राजीखुशीनं. नाव सांगणार नाही, असा शब्द दिलेला आहे.”

“घरातल्यानंच दिलं असेल,” न्यायाधीश म्हणाले, “तर अर्जदाराच्या संमतीनंच दिलं नसेल कशावरून? गुरुवारी या. नुसत्या संशयावर मी कुणाचा धंदा थांबवणार नाही.”

बाहेर व्हरांड्यात कंपनीचे वकील वकीलबाईंच्या शेजारून चालू लागले.

“बाई, एक सांगू? ते नाव शोधू नका.”

“तुमचं नुकसान होईल म्हणून?”

“आमचं तर होईलच,” ते म्हणाले. “पण तुमच्या अशिलाचं जास्त होईल.”

३

संशय घ्यायला माणसं फार नव्हतीच. घरात मामा, मामी आणि मुलगी. घराशी जवळीक असलेले दोघं : मामांचे धाकटे भाऊ आणि ज्याच्या स्टुडिओत मामा आयुष्यभर बोलले तो ध्वनिमुद्रक. त्याला सगळे कानसेन म्हणत.

धाकटे भाऊ गोष्टींतली जनावरं काढत. मांजर, कुत्रा, रेल्वे इंजिन, म्हातारी दाराची कडी, सगळं त्यांच्या तोंडून. वकीलबाई भेटायला गेल्या तेव्हा ते दुखावलेलेच होते, आणि ते दुखणं ताजं नव्हतं.

“दादानं शेवटच्या गोष्टी केल्या, त्यांत एक जनावर नाही. बघा ऐकून. आयुष्यभर मी त्याच्या शेजारी उभा राहून भुंकलो. शेवटी म्हणाला, तू येऊ नकोस, मला शांतता हवी. मी त्या दिवसापासून त्याच्या घराची पायरी चढलो नाही.”

“राग होता म्हणजे.”

“होता नाही, आहे. पण विकायच्या तर मी माझी जनावरं असलेल्या गोष्टी विकल्या असत्या. या बिनजनावरांच्या गोष्टी मी कशाला विकू?”

उत्तर हास्यास्पद होतं आणि वकीलबाईंना पटलं. गर्विष्ठ माणूस आपण नसलेली वस्तू चोरत नाही.

कानसेनच्या स्टुडिओत कापसाच्या गाद्या भिंतींना लावलेल्या होत्या. मामांच्या घरी मायक्रोफोन आणि यंत्र त्यानंच मांडून दिलं होतं.

“तुमच्याकडे नक्कल राहिली असेल,” वकीलबाई सरळच म्हणाल्या.

“राहिली असती तर मी देवघरात ठेवली असती. मामांनी यंत्र परत पाठवलं तेव्हा आत टेप नव्हती.” त्यानं भिंतीवरच्या गादीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. “शेवटचं काम माझ्याकडे येऊन करतील असं वाटलं होतं. नाही आले.”

म्हणजे हाही दुखावलेला. वकीलबाईंनी बटणाच्या गोष्टीची मूळ टेप आणि कंपनीची जाहिरात दोन्ही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं आधी टेप ऐकली, मग जाहिरात, मग पुन्हा टेप.

“काय दिसतंय?”

“पंखा,” कानसेन म्हणाला. “टेपवर पंखा नाही. मीच मामांना बजावलं होतं, खोलीतला पंखा बंद ठेवा, कितीही उकडू दे. आणि या जाहिरातीत बघा, गोष्टीच्या खाली पंखा फिरतोय. टेपची नक्कल केली तर नसलेला पंखा कुठून येईल?”

“मग हे काय आहे?”

“गोष्ट तीच, वेळही तीच. मामा थांबले तिथेच थांबलेत, श्वाससुद्धा तोच. पण हे टेपवरून घेतलेलं नाही. मामा सांगत होते तेव्हाच शेजारच्या खोलीत कुणीतरी दुसरं यंत्र लावून बसलं होतं.”

४

मागची खोली लहान होती. टेबल, लोखंडी कपाट, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं दार. दारावर हवा जायला जाळी होती. त्या खोलीत पलंग, आणि पलंगावर बरोबर छताचा पंखा. जाळीतून पलीकडचं खाकरणंही ऐकू आलं असतं.

“त्या वेळी इथे कोण झोपायचं?” वकीलबाईंनी विचारलं.

मामी दारात उभ्या होत्या. अंगानं बारीक. बोलणं असं, की पुढे वाकून ऐकावं लागे. “मी. पाय मोडला होता ना तेव्हा. उठता येत नव्हतं.”

“तुम्ही काही ऐकलंत? कुणाला बघितलंत?”

मामी उत्तर देणार तेवढ्यात मुलगी मध्ये आली.

“आईला कशाला विचारता? मीच केलं.”

मामांनी पाटीवरून मान वर केली.

“माझा मोबाइल जाळीजवळ ठेवला होता,” मुलगी भराभर म्हणाली. “बाबांचा आवाज जाणार होता. वाटलं, तो आपल्याकडेही असावा. मग कंपनीनं विचारलं, मी दिला. चुकलं माझं. तुम्ही कोर्टात तसं सांगा.”

पेन्सिल हातात धरून ते लेकीकडे बघत राहिले. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

वकीलबाई मुलीला घेऊन जिन्यापर्यंत गेल्या.

“तू शाळेत शिकवतेस ना?”

“हो.”

“शाळा सकाळचीच? दोन वर्षांपूर्वीही?”

“कायम सकाळचीच.”

“मामा गोष्टी कधी टेप करायचे?”

मुलगी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. गल्लीतला गोंगाट सुरू व्हायच्या आत, सकाळी, हे कानसेननं सांगून झालं होतं.

“तुझा मोबाइल तुझ्याबरोबर शाळेत होता,” वकीलबाई म्हणाल्या. “आईला वाचवतेयस. आईनं नवऱ्याचा आवाज जपून ठेवला, यात वाचवण्यासारखं काय आहे?”

मुलीचे डोळे भरले. ती कठडा घट्ट धरून उभी राहिली. आवाज जपण्याइतकंच असतं तर ती एवढी घाबरली नसती, हे वकीलबाईंना दिसत होतं.

५

बुधवारी दुपारी वकीलबाईंनी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि कानाला हेडफोन लावले. कानसेननं जाहिरातीतला पंखा जमेल तेवढा खाली दाबून दिला होता.

पंखा गेल्यावर त्याच्याखाली लपलेलं एक तिसरंच काहीतरी वर आलं. कुजबुज. यंत्राच्या अगदी जवळ. सुरुवातीला त्यांना वाटलं, कुणीतरी मामांच्या मागोमाग गोष्ट म्हणतंय, जशी मुलं म्हणतात.

त्यांनी ते पुन्हा लावलं.

“मला कुणी शोधलंच नाही,” कुजबुज म्हणाली.

“मला कुणी शोधलंच नाही,” मामा म्हणाले.

तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी हेडफोनवर हात दाबून धरले. कुजबुज मागून येत नव्हती. पुढे होती. प्रत्येक वाक्याला जराशी पुढे. एका ठिकाणी मामा अडले, तर कुजबुजीनं तो शब्द दोनदा सांगितला, काळजीनं, आणि मग मामांना तो आपसूक सुचला.

डोक्यातून थेट टेपवर. माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत जगात कुणी ऐकल्या नव्हत्या. हे वाक्य त्यांनीच टाइप करून घेतलं होतं आणि मामांनी शपथेवर सही केली होती. जी गोष्ट जगात कुणी ऐकलेली नाही, ती भिंतीपलीकडे पलंगावर पडलेल्या बाईला आधीपासूनच पाठ होती.

त्या तडक मामींकडे गेल्या. मामा फिरायला बाहेर पडले होते. मामी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“मामी, मी तुमच्या यजमानांची वकील आहे. तुमची नाही. मला काही सांगायलाच हवं असं नाही, आणि सांगितलंत तर ते मला वापरावं लागेल. तरी विचारते. गोष्टी कुणाच्या?”

मामींनी शर्टाची बाही सरळ केली.

“मुलगी लहानपणी झोपायची नाही,” त्या म्हणाल्या. “तिला मी गोष्टी सांगायची. हे दारात उभे राहून ऐकायचे. एकदा रेडिओवाल्यांनी यांना विचारलं, मुलांसाठी काही आहे का. यांनी माझी एक सांगितली. गाजली. मग रोज रात्री म्हणायचे, उद्याचं काय? मी सांगायची, सकाळी हे सांगायचे. आवाज काय होता हो त्यांचा. मी सांगितलेलंच, पण त्यांच्या तोंडून मलाच नवं वाटायचं.”

“शेवटच्याही तुमच्याच?”

“पाय मोडून पडले होते. दुसरं काय काम होतं मला? सगळ्या त्या पलंगावर रचल्या. मग आवाज जाणार म्हणून जपून ठेवायला मोबाइल लावला. तोंडातनं शब्द कधी निघाले मला कळलंही नाही. भीती वाटायची, मध्येच विसरले तर.”

“मग कंपनीला का दिलं?”

इतका वेळ मामींचा आवाज शांत होता. आता तो आणखी बारीक झाला.

“ऑपरेशननंतर यांना पुन्हा एकदा म्हटलं, आता तुम्हाला नवं काही सांगायचं नाही. या शेवटच्यांवर तरी माझं नाव घाला. यांनी पाटीवर लिहिलं, लोक हसतील. मला की तुम्हाला, ते नाही लिहिलं. म्हणून मी कंपनीत गेले. ते म्हणाले, घालतो नाव. शब्द दिला.” त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. “जाहिरात बघितलीत ना तुम्ही? त्यावर यांचं नाव एवढं मोठं आहे. माझं कुठे दिसलं तुम्हाला?”

कंपनीच्या वकिलांना शब्द कशाचा पाळायचा होता, ते वकीलबाईंना आता कळलं. नाव लपवलं होतं ते मामींसाठी नव्हे. ते निघालं असतं तर गोष्टी कुणाच्या, हेही निघालं असतं.

“मी चोरी केली नाही,” मामी म्हणाल्या. “माझंच होतं, मी दिलं. तेही धड पदरात पडलं नाही.”

“तुम्ही दुसरा वकील बघा,” वकीलबाई म्हणाल्या. “आजच. याहून जास्त मला बोलता येत नाही.”

६

मामा फिरून येईपर्यंत त्या जिन्याखाली थांबल्या, आणि त्यांना तिथल्याच बाकावर बसवलं. काय कळलं ते सांगितलं. कुजबुजीबद्दल सांगितलं तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले. त्यांना पलीकडची कुजबुज तेव्हाही ऐकू येत होती की काय, हे वकीलबाईंनी विचारलं नाही.

“प्रतिज्ञापत्रातलं ते वाक्य मागे घ्यायचं,” त्या म्हणाल्या. “आवाज तुमचा आहे, तो तुम्हाला न विचारता कुणी विकू शकत नाही. त्यावर मी उद्या भांडेन. गोष्टी तुम्ही रचल्या असं मी म्हणणार नाही.”

मामांनी लिहिलं : “गोष्ट सांगणाऱ्याची असते.”

“कायद्यात नसते.”

“तिला कोण ओळखतं?”

“कुणी नाही. तेच तर तिचं म्हणणं आहे.”

मामांनी पाटी बाहीनं पुसली. मग त्यांनी हात पुढे केला, आणि वकीलबाईंनी दुरुस्तीच्या कागदावर त्यांची सही घेतली. सही करताना मामांचा हात सोमवारसारखा रुबाबात चालला नाही.

७

गुरुवारी मामींच्या बाजूनं एक तरुण वकील उभा राहिला. मुलीनं शपथेवर सांगितलं, की मामांच्या जुन्या कितीतरी गोष्टी तिनं आधी आईच्या कुशीत ऐकल्या आणि मग रेडिओवर. कोर्टात कुजबुज वाजवण्यात आली. न्यायाधीशांनी ती दोनदा ऐकली.

कंपनीचे वकील पैशांवर आले. जाहिरात झालीय, उद्याचा कार्यक्रम ठरलाय, बाईंचं जे नुकसान होईल ते आम्ही भरून देऊ.

“एकदा या गोष्टी यांच्या एकट्याच्या म्हणून घरोघरी गेल्या,” न्यायाधीश म्हणाले, “की मग त्या बाईंच्या होत्या हे तुम्ही कोणत्या पैशानं सांगत फिरणार?” मग त्यांनी कागद बाजूला सारले. “शब्द पत्नीचे दिसतात, आवाज पतीचा आहे. एकाशिवाय दुसऱ्याला काही करता येणार नाही. दोन्ही नावं घालून प्रसिद्ध करायला कुणाची हरकत आहे? नसेल तर हे सगळं आत्ता इथेच मिटतं.”

कंपनीच्या वकिलांनी अशिलाकडे पाहिलं. “आमची नाही.”

मामी उठून उभ्या राहिल्या. “माझी नाही.”

सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळल्या. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि वकीलबाईंच्या हातात दिली. वकीलबाईंनी वाचलं, आणि एकदा खाली वाकून हलक्या आवाजात विचारलं, “नक्की?” मामांनी मान हलवली.

“माझे अशील म्हणतात,” वकीलबाईंनी वाचून दाखवलं, “माझ्या नावाशेजारी दुसरं नाव नको.”

न्यायाधीशांनी हुकूम सांगायला सुरुवात केली. दाव्याचा निकाल लागेपर्यंत या गोष्टी कंपनीनं, पतीनं किंवा पत्नीनं, कुणीही प्रसिद्ध करू नयेत, वाजवू नयेत, विकू नयेत. वकीलबाईंनी अर्जात मागितलेली मनाई त्यांना मिळाली होती, अक्षरन् अक्षर. मामांचं वय आणि दाव्याला लागणारी वर्षं त्यांनी मनात मांडून पाहिली, आणि मग तो विचार सोडून दिला.

बाहेरच्या पायऱ्यांवर तिघं थांबली होती. मुलगी गाडी बघत होती. मामांनी वकीलबाईंना थांबवलं, पाटी गुडघ्यावर टेकवली आणि घाईघाईनं लिहिलं : “हिनं कोर्टात यायची काय गरज होती? घरात मागितलं असतं तर दिलं असतं.”

मामींनी ते वकीलबाईंच्या खांद्यावरून वाचलं.

“मागितलं होतं,” त्या म्हणाल्या. “कितीदा तरी. तेव्हा तुम्हाला बोलता येत होतं.”

मामांनी पाटी पुसली नाही, तशीच काखेत धरली. गाडी आली. मुलगी पुढे बसली, ती दोघं मागे बसली, आणि तिघं एकाच घरी गेली.